विचारायचा राहिलेला प्रश्न



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षं बसलो. फळ्यावर गणित लिहिलं की ते लगेच उत्तर मागत नसत. ‘काय विचारलंय ते आधी तुझ्या शब्दांत सांग,’ म्हणत. उत्तर चुकलं तर रागावत नसत. प्रश्न न वाचता उत्तर देणाऱ्याला मात्र उभं करत. पस्तीस वर्षं डॉक्टरकी केल्यावर त्यांच्यासमोर पुन्हा उभं राहावं लागेल अशी एक चूक माझ्या हातून झालेली आहे. ती सांगण्यासाठीच मी आजचा विषय निवडला. दरवर्षी घ्यायची ती फ्लूची लस घ्यावी की न घ्यावी. स्मृतिव्याख्यानाला हा विषय लहान होईल, असं संयोजकांपैकी काहींना वाटलं. मला तो लहान वाटत नाही.

२०१५ सालचा फेब्रुवारी. बाळापूरकडच्या एका खेड्यातली तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी, सातवा महिना. दिवाळीनंतर ती दोनदा माझ्याकडे येऊन गेली होती. हिमोग्लोबिन कमी होतं म्हणून मी लोहाच्या गोळ्या दिल्या, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का ते विचारलं, गूळ-शेंगदाणे खायला सांगितले. फेब्रुवारीत चार दिवसांच्या तापानंतर तिला गाडीत आडवी घालून आणलं, तेव्हा ओठ निळसर झाले होते आणि श्वास मिनिटाला चाळीसच्या वर चालला होता. मी तिला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथं घशातला नमुना घेतला, फ्लूवरच्या गोळ्या सुरू केल्या, श्वासाचं यंत्र लावलं. सहाव्या दिवशी ती गेली. बाळही गेलं.

तेरवी झाल्यावर तिचा नवरा कागद घेऊन माझ्याकडे आला. बराच वेळ बसून राहिला. मग म्हणाला, ‘साहेब, हे टळलं असतं काय?’

मी म्हणालो, ‘सांगता येत नाही.’

हे उत्तर खोटं नव्हतं. कुठल्याही एका माणसाबद्दल असं ठाम सांगता येत नाही, हे खरंच आहे. पण त्या उत्तराआड मी एक गोष्ट लपवली. लस तेव्हा बाजारात होती. गरोदर बाईला फ्लू जास्त जड जातो हे मला ठाऊक होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ सालीच गरोदर स्त्रियांना या लसीसाठी सर्वांत आधीचा क्रम दिला होता. दिवाळीनंतरच्या त्या दोन भेटींत मी तिच्यापाशी लसीचं नावसुद्धा काढलं नव्हतं. तिनं नको म्हटलं असतं, परवडत नाही म्हटलं असतं, तर तो तिचा निर्णय झाला असता. मी तिला निर्णय घ्यायची वेळच येऊ दिली नाही.

त्या वर्षी देशात स्वाइन फ्लूचे ४२,५९२ रुग्ण नोंदले गेले आणि २,९९० माणसं दगावली. महाराष्ट्रातले मृत्यू नऊशेच्या वर होते. हे आकडे तपासणी होऊन कागदावर चढलेल्यांचे आहेत.

आपल्याकडे ‘व्हायरल’ हा एक शब्द सगळ्या तापांना पुरतो. ‘व्हायरल चालू हाय, तीन दिवसांत उतरते.’ बहुतेक वेळा उतरतोही. त्यामुळे साधं पडसं आणि फ्लू यांतला फरक आपल्या बोलण्यातूनच गेला आहे. पडशात नाक गळतं, माणूस कुरकुरत का होईना, कामाला जातो. फ्लूमध्ये सकाळी वावरात गेलेला माणूस दुपारी अंथरुणाला टेकतो. ताप एकदम चढतो, अंग मोडून येतं, डोळ्यांमागे ठणकतं, कोरडा खोकला छातीत घुसतो. धडधाकट माणूस आठवड्याभरात उठतो. प्रश्न धडधाकट नसलेल्यांचा आहे. हाच आजार लोकांनी ‘स्वाइन फ्लू’ या नावानं ऐकला की मात्र घाबरगुंडी उडते. २००९ सालचा ऑगस्ट आठवा: पुण्यात चौदा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला, देशातला तो पहिला, आणि रातोरात दुकानांतले मास्क संपले. तो २००९चा विषाणू कुठंही गेलेला नाही. आता तो दरवर्षीच्या फ्लूपैकीच एक झाला आहे आणि दरवर्षीच्या लसीत त्याचा समावेश असतो. स्वाइन फ्लूची वेगळी लस मागायला माझ्याकडे माणसं येतात, त्यांना मी हेच सांगतो.

आणखी एक गोष्ट मला पस्तीस वर्षं छळते आहे. ताप आला की आपल्या माणसाला सुई हवी असते. गोळ्या लिहून दिल्या तर तो नाराज होऊन जातो. सलाईन लावली तर डॉक्टर चांगला. फ्लूच्या विषाणूवर त्या सुईतल्या अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो. आणि जी सुई खरोखर उपयोगाची आहे, ती अंगात ताप नसताना घ्यायची असते. तेव्हा तोच माणूस म्हणतो, ‘मले त काहीच झालं नाही, सुई काहून घेऊ?’

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला शंभर वर्षं मागं जावं लागेल.

१९१८च्या जूनमध्ये मुंबईत एक ताप आला. मराठीत त्याला मानमोडी हे नाव पडलं. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरनंतरची दुसरी लाट मात्र काळ होऊन आली. हिंदुस्थानात सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटीपर्यंत माणसं मेली असावीत, असे अभ्यासकांचे अंदाज आहेत. देशात सर्वांत जास्त मार बसलेल्या प्रांतांत मध्य प्रांत व वऱ्हाड होता, म्हणजे आपण. मुंबईहून निघालेली रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा करत नागपूरला जायची. मुर्तिजापूरहून आपली शकुंतला रेल्वे एका बाजूला अचलपूरला, दुसऱ्या बाजूला यवतमाळला जायची. कापूस नेण्यासाठी टाकलेल्या याच रुळांवरून माणसं आणि त्यांचे श्वास गावोगाव पोचले, असं मी धरून चालतो. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग होतं. आणि वेचणीचे, दसरा-दिवाळीचे दिवस होते. एरवी ताप म्हातारे आणि लेकरं उचलतो. त्या वर्षी वीस ते चाळीस वयाची माणसं जास्त गेली, आणि पुरुषांपेक्षा बाया जास्त गेल्या. घरातल्या आजाऱ्यांची शुश्रूषा करायची, सर्वांना वाढून उरलेलं खायचं आणि शेवटी आडवं व्हायचं, हे बाईच्या वाट्याला तेव्हाही होतं. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. जनगणनेच्या इतिहासात असं एकदाच घडलं आहे.

तेव्हा लस नव्हती. आजार कशानं होतो हेही कळलेलं नव्हतं. माणसातला फ्लूचा विषाणू सापडला तो १९३३ साली, लंडनमध्ये. त्याच्या कितीतरी आधी, १८९७ साली, हाफकिननं मुंबईत प्लेगची लस करून पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली होती. देवीची लस तर १८०२ सालीच मुंबईत पोचली होती. तेव्हा आपला समाज टोचून घेण्याला नवखा नाही. ‘देवी काढणं’ हा शब्द आपल्या आज्यांच्या तोंडी होता, दंडावरचा वण त्या दाखवायच्या, आणि देवी या देशातून गेली ती त्या वणांमुळेच.

मग फ्लू तसा का जात नाही? एकदा टोचून काम का भागत नाही?

दुसऱ्या कुठल्या भागात हे समजावायला मला वेळ लागला असता. वऱ्हाडात तो लागू नये. बीटी कपाशी आली तेव्हा बोंडअळी मेली, फवारण्या कमी झाल्या, आपण सुटलो असं वाटलं. मग दोन जनुकांचं बियाणं आलं. आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आपली बोंडं आतून पोखरून टाकली, कारण त्या अळीत दोन्ही विषं पचवणाऱ्या पिढ्या तयार झाल्या होत्या. जिवंत गोष्ट बदलते, हे आपण कर्ज काढून शिकलेलो आहोत. फ्लूचा विषाणू तर अळीपेक्षा कितीतरी वेगानं बदलतो. त्याच्या अंगावरची खूण थोडी थोडी पालटत राहते, आणि गेल्या वर्षी त्याला ओळखणारं आपलं शरीर यंदा चाचपडतं. लसीनं आलेली ताकदही काही महिन्यांत उतरणीला लागते. म्हणून दरवर्षी नवी लस. जगभरातून नमुने गोळा करून जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा बसतात, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, आणि पुढच्या हंगामात कोणते विषाणू फिरतील याचा अंदाज बांधतात. तो अंदाजच असतो. मृगाच्या पहिल्या सरीवर पेरावं की थांबावं हे ठरवताना आपल्याजवळ जेवढी माहिती असते, त्यापेक्षा त्यांच्याजवळ पुष्कळ जास्त असते. तरी कधी दुबार पेरणी आपल्या नशिबी येते, तसे त्यांचेही अंदाज कधी चुकतात.

म्हणून लसीबद्दल मी जे सांगेन ते पूर्ण सांगेन. अंदाज बरोबर उतरलेल्या वर्षी, ज्या दहा जणांना फ्लू होऊन दवाखाना गाठावा लागला असता, त्यांतल्या चार ते सहा जणांचा तो टळतो. अंदाज चुकलेल्या वर्षी दोघांचाच टळेल. हरियाणात बल्लभगढजवळच्या खेड्यांत लहान मुलांवर तीन वर्षं चाचणी झाली. तिथं लसीचं संरक्षण पहिल्या वर्षी सुमारे २६ टक्के होतं, दुसऱ्या वर्षी ४१ आणि तिसऱ्या वर्षी ७४. गावं तीच, आणि वर्षागणिक एवढा फरक. ज्याला हमी हवी आहे, त्यानं हे आकडे ऐकूनच निर्णय घ्यावा. मी माझ्यापुरता असा हिशेब करतो: न घेणाऱ्याला या तिन्ही वर्षांत शून्य टक्के संरक्षण होतं. शिवाय लस घेऊनही फ्लू झाला, तर तो सहसा छातीत उतरून जीव घेण्यापर्यंत जात नाही. मला तरी तेवढ्यासाठी ती हवी आहे.

आता कोणी घ्यावी? इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण अकोला-अमरावती या आपल्या दोन जिल्ह्यांत काही माणसं अशी आहेत ज्यांची नावं शहरी याद्यांत मागं पडतात.

गरोदर बाई पहिली. मारलेल्या विषाणूची लस तिला कुठल्याही महिन्यात चालते. नाकात फवारायची जिवंत विषाणूची लस मात्र तिला द्यायची नाही. तिच्या रक्तातली ताकद पोटातल्या बाळाला मिळते, आणि हे फार मोलाचं आहे, कारण सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देताच येत नाही. त्याच्या वाट्याचं संरक्षण आईच्या दंडातूनच जातं. मग सहा महिने ते पाच वर्षांची लेकरं. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याच्या बाजूला कुपोषित लेकराला साधा खोकला न्यूमोनियापर्यंत कसा नेतो, हे तिथं काम करणाऱ्यांना विचारा. मग पासष्टीच्या पुढचे, मधुमेहाचे, हृदयाचे, दम्याचे. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बाया आणि जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत वीस-वीस वर्षं काढलेले कामगार यांची फुप्फुसं आधीच अर्धी झालेली असतात. त्यांना कोणी दम्याचे रुग्ण म्हणून नोंदलेलंही नसतं. त्यांना मी त्याच रांगेत उभं करतो.

आणि सिकलसेल. विदर्भाला हा आजार नवा नाही. आपल्या कितीतरी आदिवासी आणि दलित घरांत तो आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, फ्लूमुळे रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण सिकलसेल असलेल्या मुलांत इतर मुलांच्या ५६ पट निघालं. छप्पन्न. सिकलसेलचं कार्ड असलेलं लेकरू ज्या घरात आहे, त्या घराला ही लस कोणी सांगितली आहे का, असं मी जिथं जातो तिथं विचारतो. बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, ‘नाही.’

हृदयाचं म्हटलं तर लोकांना नवल वाटतं. फ्लूचा आणि हार्ट अटॅकचा काय संबंध? फ्लू झाल्यानंतरच्या आठवड्यात हार्ट अटॅकची शक्यता सहा पटींनी वाढते, असं कॅनडातल्या अभ्यासात दिसलं. आणि नुकताच अटॅक येऊन गेलेल्या अडीच हजारांवर रुग्णांना आठ देशांत लस किंवा खोटी सुई देऊन वर्षभर पाहिलं, तेव्हा मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा स्टेंट बंद पडणं यांतलं काही ना काही खोट्या सुईवाल्यांत ७.२ टक्क्यांना झालं, लसवाल्यांत ५.३ टक्क्यांना. अँजिओप्लास्टी करून गावी परतलेल्या काकाजींच्या गोळ्यांच्या यादीत आपण ही ओळ लिहीत नाही. लिहायला हवी.

धडधाकट तिशीतल्या माणसाला मी आग्रह करत नाही. त्याला एवढंच विचारतो, घरी कोण आहे? रात्री बाहेरून येऊन तो ज्या लेकराला उचलून घेतो ते चार महिन्यांचं असेल, किंवा शेजारच्या खाटेवर धाप लागणारी माय असेल, तर त्यानं घ्यावी. मी स्वतः घेतो, कारण माझ्या टेबलापलीकडे दिवसभर आजारी माणसं बसतात.

कधी घ्यावी, यात आपल्याकडे खरी अडचण आहे. श्रीनगरला फ्लू हिवाळ्यात चढतो. आपल्याकडे मोठा चढ पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, आणि दुसरा जानेवारी ते मार्चच्या सुमारास. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या अभ्यासानं सांगितलं की श्रीनगरसारखा उत्तरेचा टोकाचा भाग सोडला तर एप्रिल-मेमध्ये लस द्यावी. टोचल्यानंतर ताकद तयार व्हायला दोन आठवडे लागतात. म्हणजे आखजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या आसपास टोचून घ्यावं, मृग लागेपर्यंत अंग तयार होतं. हिशेब सोपा आहे. पण आखजीचा अकोला डोळ्यांसमोर आणा. पारा ४५ अंशांवर, बारा वाजता रस्ते ओस. त्या उन्हात खेड्यातली बाई अजून न आलेल्या आजाराची सुई घ्यायला कशी येईल? आणि लसही २ ते ८ अंशांतच टिकते, गोठलीही नाही पाहिजे आणि तापलीही. वीज गेली की आम्हाला फ्रीजची काळजी लागते. म्हणून मी एप्रिलमध्ये सकाळी सातला आणि सूर्य बुडाल्यावर, अशा दोन वेळा लसीसाठी ठेवतो. ती वेळ हुकली तर जूनमध्येही घ्या, जुलैमध्येही घ्या. उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका.

दुसरी अडचण पैशाची, आणि ती त्याच महिन्यातली. खासगीत लस दीड-दोन हजारांच्या घरात जाते. मे महिन्यात तेवढ्यात कपाशीची दोन पाकिटं येतात. चौघांच्या घराला आठ पाकिटं. या माणसाला ‘तब्येत महत्त्वाची की पैसा’ असं विचारणं मला अपमानास्पद वाटतं. तो बियाणं घेतो ते घराच्या तब्येतीसाठीच. त्याला मी म्हणतो, एकच परवडत असेल तर घरातल्या गरोदर बाईला द्या. गरोदर कोणी नसेल तर ज्याची छाती किंवा हृदय आधीच दुखावलेलं आहे त्याला. २०१५ सालीच राज्य शासनानं गरोदर स्त्रिया आणि मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण यांना ही लस सरकारी रुग्णालयांत मोफत देण्याचा निर्णय घेतला. अमरावतीत डफरीनला, इर्विनला, अकोल्यात स्त्री रुग्णालयात आणि सर्वोपचारला जाऊन विचारा. नसेल तर पुन्हा विचारा. जिथं मागणारंच कोणी नसतं, तिथं साठा कोण मागवणार?

शंका पुष्कळ येतात आणि मला त्या विचारलेल्या आवडतात. माळकरी आजोबा विचारतात, ‘याच्यात अंडं असते म्हणते, खरं हाय काय?’ खरं आहे. बहुतेक लसींचा विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, मग मारून, गाळून, शुद्ध करून घेतात. अंड्याचा अगदी सूक्ष्म अंश राहू शकतो. हे मी लपवत नाही. ज्यांच्या माळेला ते चालत नाही त्यांचा नकार मी मानतो. औषध म्हणून घेणारेही पुष्कळ आहेत. कोणी विचारतं, लसीनंच फ्लू होतो का? मारलेल्या विषाणूनं तो होत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते. हातापायांतली ताकद जाण्याचा गियाँ-बारे नावाचा आजार १९७६ साली अमेरिकेत साडेचार कोटी लोकांना दिलेल्या लसीनंतर साधारण लाखात एकाला झाला होता. आजच्या लसींबाबत दहा लाखांत एक-दोन इतकी शक्यता धरतात, आणि खुद्द फ्लूनंतर तो आजार त्याहून जास्त वेळा होतो.

आणि कोविड. २२ फेब्रुवारी २०२१च्या संध्याकाळी अमरावती आणि अचलपूर पुन्हा बंद झालं. दुसऱ्या लाटेची चाहूल देशाला आपल्या भागातून लागली. त्यानंतर आपण रांगा लावून सुया घेतल्या, आणि नंतर कोणी तरुण अचानक गेला की बोट त्या सुईकडे जाऊ लागलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं देशातल्या ४७ रुग्णालयांतून असे मृत्यू तपासले; लसीमुळे धोका वाढल्याचं आढळलं नाही. तरी लोक थकले आहेत, आणि तो थकवा मला समजतो. ज्यांनी घरातली माणसं गमावली त्यांच्याशी आकड्यांनी वाद घालू नये. त्यांच्याजवळ बसावं, त्यांचं ऐकावं, आणि फ्लूची लस ही निराळी, ऐंशीएक वर्षं वापरात असलेली गोष्ट आहे, एवढं सांगावं.

त्या मुलीचा नवरा २०१८च्या मे महिन्यात पुन्हा आला. दुसरं लग्न झालं होतं, बायकोला पाचवा महिना होता. मी तपासलं, गोळ्या लिहिल्या, आणि मग लसीचं सांगितलं. किती उपयोग होतो, किती नाही, किती पैसे, सरकारीत कुठं. २०१५ साली माझ्याकडून काय विचारायचं राहिलं, तेही त्याला सांगितलं. तो खाली पाहत राहिला. मग म्हणाला, ‘यानं टळते काय?’

‘दहात चार-पाच जणांचं टळते,’ मी म्हटलं. ‘नक्की नाही.’

त्यानं बायकोकडे पाहिलं. ‘तुले काय वाटते?’

तिनं मला विचारलं, ‘दंड किती दिवस दुखते?’

‘दोन दिवस.’

‘मग आज नको. उद्या-परवा मायच्या घरी लग्न हाय. मंगळवारी येतो.’

मंगळवारी दिवेलागणीला ती आली. सोबत सासू होती, दम्याची.